कोरायचा राहिलेला भोपळा

ओरिकुनं सूड घ्यायचं ठरवलं ते नवऱ्याच्या मयतालाच. नंतर कधीतरी सुचलं म्हणणाऱ्यांनी तिला ओळखलंच नव्हतं.

नवरा यारोकु जपानच्या एदो शहरात चित्रांचे लाकडी ठसे कोरायचा. प्रकाशक चोएमोन त्याच्याकडून जुन्या योद्ध्यांची, राजांची चित्रं कोरून घेई. सत्तेवरच्या शोगुनच्या घराण्यानं ज्या सरदाराचं राज्य गिळलं, त्याचं नाव-निशाण छापायला बंदी. साहजिकच लोक त्यावरच तुटून पडत. एकदा चित्रावर सरकारी तपासनिसाचा मंजुरीचा शिक्का बसल्यावर चोएमोननं तोंडी सांगून त्यात त्या सरदाराचं निशाण, भोपळा, घालायला लावला. पकडला गेल्यावर म्हणाला, “कारागिराचा आगाऊपणा.” पुरावा कुठला? चित्राचा कागद लाकडावर चिकटवतात आणि कोरताना त्याचा भुगा होतो. यारोकुला हातात बेड्या घालून घरी बसवलं. मनगटं सडली. बेड्या निघाल्या, पण सुरी धरता येईना. हिवाळ्यात तो गेला.

ओरिकुनं ती सुरी उचलली. योद्ध्यांचे केस तिच्याइतके बारीक कोणी कोरेना, म्हणून चोएमोन निर्लज्जपणे तिच्याच दारात आला. तिनं त्याचं काम हसून घेतलं आणि वाट पाहिली.

एकदा चित्र लाकडावर चिकटल्यावर तो म्हणाला, “वहिनी, या कोऱ्या झेंड्यावर जरा भोपळा येऊ द्या.”

“शिजवायचा भोपळा कळतो मला. झेंड्यावरचा तुम्हीच काढा.”

“यारोकुनं शिकवलं नाही वाटतं?”

“वेळ कुठे दिलात?”

तो हसला आणि कुंचला घेऊन त्या कागदावरच भोपळा काढून गेला. शेजारचा कारागीर गेन्सुके तिथेच चहा पीत होता. तिनं मुद्दामच बोलावला होता त्याला.

तिनं केस कोरले, चिलखत कोरलं. झेंड्याला सुरी लावली नाही.

“मी काही पाहिलं नाही हं,” गेन्सुके म्हणाला. “चुगली केलीत तर कुठला प्रकाशक तुम्हाला काम देईल? स्वतःच्या पोटावर पाय आणताय.”

“पोट माझं, कळा तुला का? त्यांची मनगटं धुताना पाणी कोण ओतत होतं?”

गेन्सुके खाली मान घालून उठला. ठसा त्यानंच पाठीवर घेतला आणि तपासनिसासमोर पाहिलेलं सगळं सांगितलं. भोपळ्याची शाई कागदावर शाबूत होती.

पुढे कुणीही प्रकाशक ओरिकुकडे फिरकला नाही. मिठाईचे साचे कोरून ती जगली, आणि कोणी हळहळलं की त्याला झापायची.

चोएमोन बेड्या घालून घरात बसला, तेव्हा ती समाचाराला गेली. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला.

“वहिनी,” तो पुटपुटला, “नाकावर माशी बसलीय. तेवढी हाकला.”

ओरिकुनं चहा संपेपर्यंत त्या माशीकडे पाहिलं. मग त्याच्या बायकोला हाक मारून आणखी एक पेला मागितला.