पाखराला चहा

आमच्या आणि शेजारच्या घरामधली भिंत कमरेएवढी आहे. पंचवीस जानेवारीच्या दुपारी मी अंगणात वाळलेले टॉवेल काढत होतो, तेव्हा शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "भाईसाब, बच्चे पूछ रै. कल आना क्या नै आना?"

मला समजलं होतं. तरी विचारलं, "कशाला?"

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. "वो भाभी करते थे ना, झंडे के दिन. नै जमता तो रैने दो."

"येऊ द्या," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो. माझं साधं बोलणंही लोकांना भांडणासारखं वाटतं, ही जुनी तक्रार आहे. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. भावाभावांच्या बांधावर उभं राहून हद्द दाखवायची तर आवाज चढवावा लागतो, आणि माणूस निवृत्त झाला तरी त्याचा आवाज होत नाही.

घरात आलो, टॉवेलांच्या घड्या घातल्या, आणि मग लक्षात आलं. येऊ द्या म्हणून बसलो, पण पोरं आल्यावर करायचं काय?

हे सगळं आमच्या हिचं होतं. माझ्या पिढीतल्या माणसाला बायकोचं नाव घ्यायची सवय नसते, 'ही' म्हटलं की भागायचं. ही अंगणवाडीत शिकवायची. ते सुटलं तरी पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सुटले नाहीत. अंबडच्या आमच्या गल्लीतली बारकी पोरं शाळेतलं झेंडावंदन उरकून, जिलेबीचे चिकट हात घेऊन थेट आमच्या फाटकात यायची. आत शिरल्यावर पहिल्यांदा नळावर हात धुवायचे, हा नियम. तोवर हिनं अंगणभर रांगोळीनं भारताचा नकाशा काढलेला असायचा. तळाला, कन्याकुमारीला, पाट टाकून ही बसायची. मांडीवर एक मोठं चित्रांचं पुस्तक. त्याचं मुखपृष्ठ कधीच फाटून गेलं होतं.

गोष्ट साधी होती. बर्फाच्या डोंगरातून एक पाखरू निघतं आणि उडत उडत समुद्राला जातं. पोरांपैकी सगळ्यात लहान असेल ते पाखरू. बाकीची पोरं नकाशात आपापल्या जागी उभी राहायची. कोणी पंजाबात गहू व्हायचं, कोणी वाळवंटात उंट. ही वाचायची तसतसं पाखरू एकेकाकडं जायचं, थोडं खायचं, पुढं निघायचं. आणि मधे ते आपल्या अंबडला उतरायचं, तेव्हा सगळी पोरं नकाशातल्या अंबडमध्ये गोळा व्हायची. देवीच्या टेकडीवर दम खायचं, आमच्या गल्लीत यायचं, आणि आमच्या खिडकीचे गज धरून आत विचारायचं, "चहा मिळेल का?"

आत मी खुर्चीत पेपर वाचत बसलेला असायचो. मी ओरडायचो, "नाही!"

बाहेर पोरं खिदळून लोळायची. मग सगळी मिळून विचारायची, "काहून न्हाई?" मी सांगायचो, साखर संपली. पुढच्या खेपेला, दूध नासलं. कधी बशी मांजरानं फोडली, कधी स्टोव्हचा पंप हरवला. पोरांना वाटायचं, काका खरंच वैतागलेत. खरं तर मी ते कारण आदल्या दिवसापासून घोकून ठेवायचो. हिला ते माहीत असायचं. पण आम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी कधीही बोललो नाही. आमच्या संसारात इतका वेळ चाललेली थट्टा दुसरी नव्हती.

गेल्या पंधरा ऑगस्टला ही दवाखान्यात होती. फाटकाला कुलूप. पोरं इस्तरीच्या कपड्यांत आली, फाटक हलवून पाहिलं आणि गेली, असं शेजारणीनं नंतर सांगितलं. दवाखान्यात हिनं मला विचारलंही होतं, "अहो, पोरं आली असतील का हो?" मी म्हणालो, "छे, पाऊस असेल तिकडं." पोळ्याच्या आधी ही गेली.

मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणतो, बाबा, घराला कुलूप लावा आणि या. त्याचं बोलणं बरोबर आहे. इथं मला कोण आहे? सकाळी दूधवाला, दुपारी डबा घेऊन येणारी बाई. त्यानंतर घरात फक्त माझ्या चपलांचा आवाज. मी त्याला दर वेळी म्हणतो, बघू. पण का बघू, हे सांगता येत नाही. पंचवीसच्या त्या दुपारी मात्र मला ते स्वच्छ दिसलं. एकदा कुलूप पाहून गेलेली पोरं उद्या हिरमुसून गेली, तर पुन्हा या फाटकात पाय ठेवणार नाहीत. मग इथं राहायला कारण उरणार नाही, आणि मुलाला काही सांगायची गरजही.

म्हणून सव्वीसला पहाटे उठलो. नकाशा तरी असा काढू की पोरं बघत राहतील, असं ठरवलं. हिचा नकाशा म्हणजे मला कायमचा डोक्याला ताप होता. गुजरातचं तोंड मिटलेलं, बंगाल गळून पडलेला, आणि अंबड तर महाराष्ट्राएवढं. मी दारातून म्हणायचो, "हे कुठल्या स्केलनं काढलंय?" ही म्हणायची, "तुम्ही पेपर वाचा."

मी ॲटलास उघडून त्याच्यावर चौकोन आखले. अंगणात दोरी ताणून खडूनं तेवढेच चौकोन मारले आणि एकेक वळण त्यात बसवत गेलो. गुडघे बोलायला लागले. पण नकाशा असा उतरला की कोणत्याही अधिकाऱ्यानं सही करावी. जालना जिल्हा बरोबर जागी, तळहाताएवढा. त्यात अंबड म्हणून एक ठिपका. मी मागे सरून पाहिलं आणि खरं सांगतो, कित्येक महिन्यांनी मला बरं वाटलं. वाटलं, आता हिला हाक मारून दाखवावं. तोंड उघडलंसुद्धा.

पोरं आली. पहिल्यांदा फाटकाशीच थबकली. शेजारणीची मुलगी सगळ्यांत मोठी, चौथीत जाते. तिनं आधी कुलूप नाही ना हे पाहिलं, मग बाकीच्यांना आत घेतलं. न सांगता सगळी नळावर गेली. हात धुऊन नकाशाच्या कडेनं उभी राहिली आणि गप्प झाली. मला वाटलं, थक्क झालीत.

"हे काय करून राह्यले काका?" एक पोरगा म्हणाला.

"भारताचा नकाशा आहे. बरोबर काढलाय."

"आपलं गाव कुठंय?"

मी ठिपका दाखवला. पोरगा वाकला आणि त्यानं पाऊल ठिपक्यावर ठेवून पाहिलं. पावलाखाली अख्खा जिल्हा झाकला गेला.

"मंग आम्ही उभं कुठं राहायचं?"

"काकू आपलं गाव मोठं काढायच्या," शेजारणीची मुलगी म्हणाली. ती मला समजावून सांगत होती, अगदी हळू, जसं मोठ्या माणसाला चारचौघांत सांगावं तसं. "सगळे मावले पाहिजेत ना काका, म्हणून."

मला राग आला. पहाटेपासून कंबर मोडून काढलेला नकाशा! पण पोरांचे चेहरे पाहिले. एकदोघांची नजर फाटकाकडं गेली होती. मी रांगोळीचा डबा तिच्या हातात दिला. "काढ तुझ्या काकूसारखं."

तिनं तळहातानं माझा जिल्हा पुसला, शेजारचा निम्मा महाराष्ट्रही पुसला आणि तिथं एक भलंमोठं वेडंवाकडं अंबड काढलं. पोरं लगेच त्यात उड्या मारून उभी राहिली. सगळी मावली.

मग मी पाट टाकला आणि कन्याकुमारीला बसलो. पुस्तक उघडलं. समोरच्या घरातला चार वर्षांचा पोरगा यंदाचं पाखरू. त्याच्या मोठ्या भावानं अभिमानानं सांगितलं, "मी बी झाल्तो पाखरू, आधी." मी वाचायला लागलो. माझा आवाज वाचताना नोटीस बजावल्यासारखा येतो, पण पोरांनी सांभाळून घेतलं. गव्हानं पाखराला दाणे दिले, उंटानं पाणी दिलं. नर्मदा ओलांडली. मी पान उलटलं, आणि पुढच्या पानावर नारळाची झाडं.

मला वाटलं, दोन पानं एकदम उलटली. मागे आलो. अंगठ्याला थुंकी लावून पान सोडवून पाहिलं. चिकटलेलं नव्हतं. फाटलं असेल म्हणून शिवणीत पाहिलं, तर तिथंही काही नाही. पानांचे आकडे तपासले. ते सलग होते. अंबडचं पान पुस्तकात नव्हतं. टेकडी नाही, गल्ली नाही, खिडकी नाही.

इतकी वर्षं मी आतून ते ऐकलं होतं. ही वाचतेय, असंच मला वाटायचं. कधी बाहेर येऊन पुस्तकात डोकावावं असं वाटलंच नाही, कारण आतून माझं काम होतं.

"काका, ते पुस्तकात नसतं," मुलगी म्हणाली. "काकू मनानं सांगायच्या."

मी पुस्तक मिटलं. मनानं मी आयुष्यात एक रेघ मारलेली नाही. पण हिचे शब्द कानात होते, ते तसेच म्हणायला लागलो. "मग पाखरू दमलं. त्याला खाली एक टेकडी दिसली. टेकडीवर देवी. देवी म्हणाली, जरा बस बाबा. पाखरू बसलं. मग गल्लीत आलं. एका घराला निळी खिडकी होती. पाखरू म्हणालं, इथं चांगली माणसं दिसतात."

हे शेवटचं वाक्य हिचंच.

पाखरू पळत खिडकीशी गेलं. पायाच्या बोटांवर उभं राहिलं, दोन्ही हातांनी गज धरले आणि जोरात ओरडलं, "चहा मिळंल का?"

सगळी पोरं तोंडावर हात धरून वाट पाहायला लागली.

मीही वाट पाहिली. हे सांगायला लाज वाटते, पण एक क्षण मीही त्या खिडकीकडं कान लावून बसलो होतो.

पाखरानं पुन्हा विचारलं, "चहा मिळंल का?" मग त्यानं गजांत नाक घालून आत नीट पाहिलं आणि आमच्याकडं वळून म्हणालं, "काका, आत कोणीच न्हाई."

पोरं माझ्याकडं बघत होती आणि मी पुस्तकाकडं. त्या वेळी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं ही गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं होती.

शेजारणीची मुलगी पुढं आली. "काका, तुम्ही आत जा. पुढचं मी सांगते."

मी उठलो. ती पाटावर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं. मी आत जाऊन खुर्चीत बसलो, पेपरही उघडला. कालचा होता. बाहेरून तिचा आवाज आला, "मंग पाखरू परत खिडकीपाशी आलं." आणि पाखराचा आवाज, "चहा मिळंल का?"

"नाही!" मी ओरडलो.

असा आवाज माझ्या घरात कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. बाहेर हसण्याचा गदारोळ उसळला. कोणीतरी बंगालात आडवं पडलं असावं. मग सगळी एका सुरात, "काहून न्हाई?"

कारण तयार होतं. आदल्या दिवशी टॉवेलांच्या घड्या घालता घालताच ते मनात तयार झालं होतं, सवयीनं. "गाळणी उंदरानं पळवली!"

पुन्हा हसणं. मी पेपरावरून खिडकीकडं पाहिलं. खुर्चीतून सरळ कन्याकुमारीचा पाट दिसतो. माझं 'नाही' ऐकलं की ही पुस्तकात तोंड लपवून हसायची, खांदे तेवढे हलायचे. ते मी दर वेळी पेपराच्या कडेवरून पाहायचो. आता तिथं ती मुलगी बसली होती आणि खो खो हसत होती, मान वर करून, काहीही न लपवता. मला तिचं कौतुक वाटलं. आणि मी पेपर तोंडासमोर धरला.

मग पाखरू समुद्राला पोचलं. पोरांना बिस्किटं दिली, चहा दिला, जास्त दुधाचा. जाताना मुलगी फाटकाची कडी लावत म्हणाली, "काका, पंधरा ऑगस्टला येऊ ना? कुलूप न्हाई ना लावणार?"

"न्हाई लावणार," मी म्हणालो. तिच्याच भाषेत म्हणालो, म्हणजे तिला खरं वाटेल.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याला म्हणालो, पंधरा ऑगस्टपर्यंत तरी माझं यायचं जमणार नाही. का, म्हणाला. इथं काम आहे, म्हणालो.

फोन ठेवून झाडू घेऊन अंगणात गेलो आणि तसाच परत आलो. नकाशाभर पावलं उमटली होती. माझी हद्द कुठं उरली नव्हती, फक्त त्या मुलीनं काढलेलं अंबड तेवढं ओळखू येत होतं. पाट तळाला तसाच पडला होता. मी आत येऊन खुर्चीत बसलो, दिवा न लावता. शेजारी जेवणाची गडबड चालू होती, भांडी वाजत होती. खिडकीतून पाट दिसत होता, अंधार पडेपर्यंत दिसत राहिला.

"मिळेल," मी मोठ्यानं म्हणालो. "ये आत."

कोणी विचारलं नव्हतं.