नापारीचा आंधळा लुंगा

आमच्या गल्लीत ताप आला की माणूस झोपतो. नापारीला ताप आला की तो दुप्पट फिरतो. माझा मामेभाऊ आहे, त्यामुळे त्याची टर उडवणं हा माझा हक्कच आहे. आमच्याकडे आते-मामे भावंडं एकमेकांना नावं ठेवेनाशी झाली तर शेजारी काळजीने विचारतात, काही बिनसलं का म्हणून. माझी चवळीच्या भज्यांची कढई त्याच्या दाराला लागून. सकाळी येणार, एक भजं तोंडात, एक मुठीत, आणि निघाला. मी म्हणते, "नापारी, बूड झिजेल म्हणून जपून ठेवलंयस का?" तो म्हणतो, "अझारे, तुझं बघून माझ्या वाटणीचंही तुलाच देऊन टाकलंय." गिऱ्हाईक हसतं, भजी खपतात.

नापारी वाजवणाऱ्यांच्या घरचा. लुंगा म्हणजे बारीक कमरेचा ढोल, काखेत आवळला की माणसासारखा उंच-खाली बोलतो. त्यावर माणसांच्या पूर्वजांची नावं वाजवतात. समोर माणूस दिसला आणि त्याचं नाव वाजलं नाही, तर 'तुला आजोबाच नाही' असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. ज्याचं नाव वाजलं त्याने उठून नाचायचं आणि वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवायची. सरदारांच्या मिरवणुकीत मात्र नापारी मागच्या रांगेत. पुढचे वाजवणार, यांनी नुसतं 'हो हो' म्हणायचं. चाळिशी उलटली तरी 'हो हो'च.

म्हणून वुम्पिनीच्या बँडमध्ये घुसला तेव्हा मला नवल वाटलं नाही. वुम्पिनी इथलाच, पण वाढला दूर कुमासी शहरात. हातात गिटार, टेबलावर संगणक, त्यात ठोके भरलेले. पुढे दोन पोरी एकमेकींना कंबरेचा दणका देत आमच्या बायकांचा 'तोरा' नावाचा नाच करायच्या, आणि मध्ये, माइकसमोर, नापारी. आमच्या टामाले शहरातली तरुण पोरं वेडी व्हायची. त्याची छाती तर इतकी फुगली की सदरा उसवायला लागला.

या फुगलेल्या छातीपायीच सनातु गेली. सनातु त्याची बायको. तिच्या वारलेल्या आजोबांच्या उत्तरकार्याचा शेवटचा मोठा दिवस होता, आणि जावई वाजवणारा असल्यावर घराण्याची नावं त्यानेच वाजवायची. हा सकाळी बँडबरोबर 'वा' गावाला कार्यक्रमासाठी निघून गेला. भाड्याने आणलेल्या वाजवणाऱ्याने निम्मी नावं खाल्ली. सनातुने ओरडाआरडा केला नाही. भांडी घासली, पालथी घातली आणि बापाच्या घरी गेली. लोक म्हणाले, माफीचा कोला घेऊन जा, ती कडू बी फोडून खाल्ली की राग मिटला, सासऱ्यासमोर वाक. नापारी म्हणायचा, जातो जातो. जायला निघायचा आणि बाजारातून, पेट्रोल पंपावरून, मशिदीला वळसा घालून परत माझ्या कढईपाशी. बायको परत हवी होती त्याला, हे गल्लीतल्या शेळ्यांनाही माहीत होतं. पण त्या दारात उभं राहायचं म्हणजे काय केलं ते ऐकून घ्यायचं.

इकडे बँडमध्येही वाजलं. यंत्राचा ठोका ठरलेला, नापारी माणसांवर चालणारा. गाणं ऐन रंगात, आणि समोर कुणी ओळखीचा येऊन बसला की याचा लुंगा गाणं सोडून त्याच्या पणजोबाकडे वळायचा. एकदा एक निवृत्त मास्तर भावांसकट आले. गाणारी मेमुना तोंड उघडून उभी, आणि हा एकेका भावाला नाचवतोय.

"मामा, एकतर गाणं वाजवा, नाहीतर गाव," वुम्पिनी म्हणाला.

"समोर बसलेत की रे ते."

"बसू देत. यंत्र बघतं का कुणाकडे?"

"त्याला डोळे कुठायत?"

"तेच तर सुख आहे," वुम्पिनी म्हणाला, आणि त्याला तिथेच युक्ती सुचली. खोलीच्या भिंतींना गाद्या लावून त्याने नापारीला आत बसवलं आणि त्याचा लुंगा संगणकात भरून घेतला. मग सांगितलं, आता तुम्ही दमू नका, घरी आराम करा.

नापारीला आराम सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखं. दोन दिवसांनी तालमीच्या खोलीतून ते गाणं आमच्या गल्लीत आलं आणि माझा झारा कढईतच राहिला. माझी आई वाजवणाऱ्यांच्या घरची लेक, माझे कान तिने तयार केलेत. थोरांची नावं सगळ्यांना कळतात, इतरांची त्या त्या घराला आणि वाजवणाऱ्यांनाच. यंत्रातून लुंगा म्हणत होता: वणवा येतो नि जातो, गोरखचिंच जागेवर. सनातुच्या आजोबांचं ढोलावरचं नाव. तेही ठोक्यात चपखल.

"बायकोला पेटीतून हाक मारतोस होय रे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "समोर गादी होती, अझारा. माणूसच नाही. हातांना कुणीतरी लागतं."

"मग हातांना बायको सापडली. पायांना कधी सापडायची?"

तो तसाच वुम्पिनीकडे धावला. ते पुसून टाक, पुन्हा वाजवतो म्हणाला. वुम्पिनीला वाटलं, म्हाताऱ्याला परत माइक हवाय. "इतकं सुंदर तुम्ही जन्मात वाजवलं नाहीत मामा, कशाला पुसू?"

आणि पुढच्याच रविवारी बँडची सुपारी कुणाच्या लग्नाची? सनातुच्या माहेरच्या शेजारणीच्या लेकीच्या. मी गेले, जायलाच हवं होतं, भात छान असतो त्यांच्याकडचा. मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत सनातु, निळ्या कापडात. नापारी मोटारसायकलींच्या मागे, या झाडापासून त्या झाडापर्यंत.

गाणं लागलं. तोरा सुरू झाला. आणि लुंगा बोलला.

सनातु ताठ झाली. नाव वाजल्यावर बसून राहणं म्हणजे आजोबांना नाकारणं. ती उठली, पदर सावरला, सावकाश नाचत पुढे आली. नाचली सुंदर, खोटं कशाला बोलू. मग नोट काढून तिने वाजवणाऱ्याचं कपाळ शोधलं. कपाळ नव्हतं. नाचणाऱ्या पोरी होत्या, गिटार होती, आणि लुंगा हवेतून परत परत तिच्या आजोबांना हाका मारत होता. म्हाताऱ्या बायका पुटपुटायला लागल्या. मेलेल्या माणसाला हाक, आणि मारणारा कुणी नाही.

वुम्पिनीला काही कळेना, त्याने घाबरून यंत्र बंद केलं. त्या शांततेत नापारी पुढे आला. हात रिकामे.

"मी वाजवलंय," तो म्हणाला.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. खोलीत."

सनातुने त्याच्याकडे पाहिलं. "आजोबांच्या दिवशी तुला हात नव्हते. आणि आता पेटीला लावलंस होय कामाला?" तिने नोट जिभेने ओली केली, संगणकाच्या काचेवर नीट चिकटवली, आणि जाऊन बसली.

टामालेभर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. माझी भजी दुपारआधी संपायची. सगळ्यात जास्त हादरला वुम्पिनी. ते कुणाचं नाव होतं हे कळल्यावर त्याने स्वतःच ते पुसलं.

नापारीने कोला पाठवला, सासऱ्याने फोडला नाही, पण परतही केला नाही, नुसता चटईखाली ठेवला. मग निरोप आला: शुक्रवारी सकाळी ये, लुंगा घेऊन.

शुक्रवारी आम्ही निघालो. मध्यस्थ म्हणून मी, आणि कोण जाणार? तेवढ्यात बँडची गाडी भोंगा वाजवत गल्लीत. वुम्पिनी खाली उतरला. "मामा, चुकलो. बोलगाला मोठा कार्यक्रम आहे. माइक तुमचा, नावं हवी तेवढी वाजवा. पण आत्ता निघायला हवं."

नापारीचा एक पाय गाडीच्या पायरीवर गेला. खरंच गेला, मी पाहिला. लुंग्याच्या दोऱ्या त्याच्या काखेत कुरकुरल्या. मी तोंड उघडलं नाही, आणि हे माझ्या आयुष्यात फारसं घडत नाही.

"दुसरा बघ," तो म्हणाला, आणि पाय खाली घेतला.

सासऱ्याच्या अंगणात ऐकायला कोण? दोन गिनी कोंबड्या, एक शेळी, म्हातारा सासरा आणि मी. माइक नाही, नाचणाऱ्या पोरी नाहीत. म्हातारा म्हणाला, "त्या दिवशी राहिलेली नावं." नापारी चटईवर बसला. पाय उगाच हलत होते, पण हात सरळ चालले, आजोबा, पणजोबा, त्यांच्याही मागे. मध्येच सनातु दारात आली, पिठाचे हात घेऊन. नाचली नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"मधलं एक नाव गाळलंस," ती म्हणाली.

गाळलं होतं की नव्हतं, अल्ला जाणे. मला तर सगळी ऐकू आली होती. म्हाताऱ्यालाही आली असणार, पण तो कोंबड्यांकडे बघत राहिला. मेन रस्त्यावर बोलगाची गाडी शेवटचा भोंगा देऊन गेली.

नापारीने दोऱ्या आवळल्या आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.

सनातु उंबऱ्यावर टेकली. "सावकाश," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"