भुणभुण परत बसवणारे चाचा

दुरुस्तीला वस्तू घेऊन आलेल्या माणसाला "काय बिघडलंय?" असं न विचारता "काय बिघडलेलं राहू द्यायचं?" असं विचारणारा मेकॅनिक सगळ्या मराठवाड्यात, आणि मला वाटतं सगळ्या जगात, एकच असेल. तो माझ्या वडिलांचा वर्गमित्र आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. नांदेडच्या जुन्या बाजारात, अत्तराच्या दुकानाला लागून, त्यांचं दुकान आहे. ते इतकं अरुंद आहे की एक गिऱ्हाईक आत आलं की चाचांना उभं राहावं लागतं आणि दुसरं आलं की चाचांना बाहेर यावं लागतं. आत व्हॉल्व्हचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी शटरचे टीव्ही जमिनीपासून छतापर्यंत रचलेले आहेत. त्यातले दुरुस्त कोणते आणि नादुरुस्त कोणते, हे मला दोन वर्षांत कळलेलं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "हे काय दवाखाना हाय का बेटा? सगळे मजेत हायत."

मी तिथे जायला लागले ती चाचांच्या डोळ्यांमुळे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं, त्यामुळे एकच रंग त्यांना उजव्या डोळ्याने तांबडा आणि डाव्याने तपकिरी दिसायचा. रेझिस्टन्स म्हणून एक तांदळाएवढी वस्तू असते. तिच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ती किती ताकदीची हे ओळखतात. "शनिवारी जाऊन रंग तेवढे वाचून दे," असं बाबांनी सांगितलं. रंगांखेरीज काही बोलावं लागणार नाही, या आशेवर मी तयार झाले. मी म्हणायची, "नारिंगी." चाचा म्हणायचे, "नारिंगी न्हाई, लाल."

"नारिंगीच आहे, चाचा."

"आता नारिंगी हाय. कंपनीतून निघाला तेव्हा लाल होता. चाळीस वर्षं गरम व्हॉल्व्हशेजारी बसून राहिला तो. तू बस, तुझाबी रंग उडंल."

मग माझ्या उत्तराच्या बरोबर उलटा पार्ट ते बसवायचे आणि सेट चालू व्हायचा. तरी पुढच्या शनिवारी मी आले नाही तर घरी फोन यायचा, "पोरगी कुठाय? काम अडलंय." माझ्यामुळे काय अडतं, हे मी कोणाला विचारलं नाही.

"काय बिघडलेलं राहू द्यायचं?" या प्रश्नामुळे गिऱ्हाइकांची जी त्रेधा उडायची, ती पाहत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली असायची. नवं घर बांधलेले एक डॉक्टर एकदा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. हॉलमध्ये ठेवायचा होता. म्हणाले, "सगळं करून टाका, एकदम नव्यासारखं." चाचा म्हणाले, "मग नवाच घ्या की." डॉक्टर हसले. चाचा हसले नाहीत. "याची कोणती खोड ठेवायची ते घरी विचारून या. तोवर मी स्क्रूला हात लावत न्हाई." डॉक्टरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे. पाचव्या दिवशी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात आईच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "झाकण लावताना बोट चेमटते, ते तसेच असू द्यावे." चाचांनी चिठ्ठी दोनदा वाचून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हां, ही खरी मालकीण."

देगलूरच्या एका बाईंचा टेपरेकॉर्डर मात्र त्यांनी हा प्रश्न न विचारताच केला होता, फक्त आतला रबरी पट्टा बदलायचा म्हणून. पट्टा नवा आला तशी जरा मंद पडलेली टेप वेगात फिरायला लागली. आठवड्याने बाई पेटीवाल्यालाच सोबत घेऊन दुकानात हजर! त्यांचं भजनी मंडळ त्या मंद टेपबरोबर वर्षानुवर्षं गाऊन गाऊन तयार झालेलं होतं. आता टेप वरच्या पट्टीत गाऊ लागली आणि मंडळातल्या एकीचाही आवाज तिथवर पोहोचेना. "अय्यो चाचा, काय केलात हे! सगळ्याजणी नुसत्या किंचाळून राहिल्यात," बाई म्हणाल्या. चाचांनी मोटरच्या मागच्या भोकात बारीक पेचकस घातला आणि बाईंना गायला सांगितलं. बाई बाजारपेठेत, भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन गायल्या. चाचांनी पेचकस केसभर फिरवून टेप त्यांच्या गळ्याएवढी खाली आणली. पेटीवाल्याने मान डोलावली. म्हणजे त्या दिवशी दुरुस्त झालेली वस्तू बिघडवून मिळाल्याबद्दल दोन माणसं आभार मानून गेली. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबरच आहे." बाबांची आणि चाचांची मैत्री कशी टिकली ते मला त्या दिवशी कळलं. बाकी काही कळलं नाही.

घरी मात्र चाचांच्या तत्त्वाला कोणी विचारत नाही. त्यांच्या घरची बेल वाजते ती कोणी दाबल्यावर नव्हे, तर दाबून सोडल्यावर. पंखा एकाच वेगाने फिरतो. "दुनिया के मुर्दे उठाते फिरते उनो," चाची मला चहा देताना म्हणाल्या, "और घर का मिक्सर दो साल से गूँगा." चाचा शांतपणे म्हणाले, "मिक्सर बोलत न्हाई, म्हणून तर घरात एकाला तरी बोलता येऊन राहिलं." चाचींनी त्यांच्या चहात साखर घातली नाही. चाचांनी तो तसाच संपवला.

गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारायची सवय चाचांना कशातून लागली तेही चाचींनीच सांगितलं. उमरीचे एक शेतकरी चाचांचे जिवलग दोस्त होते. बियाणं घ्यायला नांदेडला आले की निम्मा दिवस दुकानात बसायचे आणि चाचांना "मिस्त्री" म्हणायचे. त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा एक मोठा रेडिओ होता. तो लावला की भुंगा अडकल्यासारखी भुणभुण करायचा, काटा स्टेशनाच्या दोन बोटं पुढे थांबायचा आणि थापड मारल्याशिवाय बोलायचा नाही. एकदा दोस्त लेकीकडे महिनाभर राहायला गेले, जाताना रेडिओ दुकानात ठेवून गेले. दोस्ताला खूश करायचं म्हणून चाचांनी त्या महिनाभरात तो आतून-बाहेरून नवा केला. भुणभुण काढली, काटा सरळ केला, लाकडाला पॉलिश केलं. दोस्त परत आले, रेडिओ लावला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "हा माझा न्हाई. माझा कुठं हाय?" चाचांनी शपथा घेतल्या. दोस्तांना वाटलं, आपला खरा रेडिओ कोणा शौकिनाला देऊन मिस्त्रीने तसलाच दुसरा पुढे केला. "तुझा तुलाच राहू दे," म्हणून ते निघून गेले. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं तो रेडिओ सुती कापडाखाली होता, आणि त्यातून काढलेला प्रत्येक पार्ट बिस्किटाच्या डब्यात. "चोर समझा उनको," चाची म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

मागच्या हिवाळ्यात त्या दोस्तांचे दोन मुलगे दुकानात आले. थोरला म्हणाला, "चाचा, बाबा आता माणसं विसरून राहिले. मला मामा म्हणतात. पर रेडिओ कुठाय म्हणून रोज विचारून राहिले." चाचांनी रेडिओवरचं कापड काढलं. दोस्त सगळं विसरायच्या आत हा रेडिओ त्यांनी आपला म्हणून ओळखावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी सगळे बिघाड परत बसवायला हवे होते. मी आदल्या आठवड्यात इंटरनेटवर वाचलेलं सांगितलं, की जुने कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी नळकांडी, परत घालणं धोक्याचं असतं, फुटतात. "येडा समजतीस का? भुणभुण नव्या सामानातून काढू," चाचा म्हणाले. नवा पण कमी ताकदीचा कंडेन्सर घालून त्यांनी भुणभुण आणली. ती जास्त झाली, मग थोडी कमी केली, मग म्हणाले, "एवढी नव्हती, दोस्त बोलताना ऐकू यायची, मी बोलताना न्हाई." काट्याचा दोरा दोन बोटं सरकवला. पॉलिशने गेलेला ग्लासाचा जुना डाग परत हवा होता, म्हणून आम्ही दोघांनी मिळून उकळत्या चहाचे पाच ग्लास त्या लाकडावर ठेवले. पाचवा उमटला.

थापडेवर घोडं अडलं. थोरला म्हणे डाव्या बाजूला, धाकटा म्हणे वरून, आणि तीही दोनदा.

"तू तवा लातूरला होस्टेलला होतास! तुला काय म्हाईत?" थोरला म्हणाला.

"आन सुट्टीत कोण लावायचं? तू लावायचास? तू तर झोपलेला असायचास."

चाचांनी दोघांचं ऐकून व्हॉल्व्हची बैठक इतकी सैल केली की कुठूनही मारलं तरी चालावं. मग मला मारून बघायला सांगितलं. मी हळूच मारलं, तर काही झालं नाही. "लाजू नको, त्याला सवय हाय," चाचा म्हणाले.

आम्ही एसटीने उमरीला गेलो. दोस्त ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांनी चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोघांना सारखाच नमस्कार केला. थोरल्याने रेडिओ स्टुलावर ठेवून लावला. अर्ध्या मिनिटाने भुणभुण सुरू झाली. धाकट्याने वरून थापड मारली, दोनदा, आणि एक तेलुगू गाणं लागलं. चाचा हात पुढे बांधून, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे उभे होते. दोस्तांनी वाकून कान लावला, लाकडावर हात फिरवला, डागावर बोट थांबवलं.

"काय भुणभुण लावलीय ही? कोण्या येड्यानं बिघडवला?"

"बाबा, तुमचाच हाय ना?" थोरल्याने विचारलं.

"माझाच हाय की! मला कळत न्हाई का? पर बिघडलाय. नांदेडला एक मिस्त्री हाय, त्याच्याकडं टाका."

धाकटा म्हणाला, "अहो बाबा, हेच तर…" चाचांनी त्याचा दंड धरला. मग स्वतःच विचारलं, "कसा हाय तो मिस्त्री?"

एवढी चौकशी करणारा हा पाहुणा कोण, अशा नजरेने दोस्तांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हट्टी हाय. बोलून बोलून डोस्कं खातो. पर इमानदार हाय. त्याच्याकडं ठेवलेली वस्तू बदलत न्हाई."

"हाव," चाचा म्हणाले. "मग त्याच्याकडंच नेऊन देतो." त्यांनी प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि रेडिओ कापडात बांधला. मुलांनी जेवायला थांबा म्हटलं. चाचा थांबले नाहीत.

परतीच्या बसमध्ये रेडिओ आमच्या दोघांच्या मांडीवर निम्मा निम्मा होता. आमचं काम झालं की फसलं, हे मला कळत नव्हतं. रेडिओ त्यांचा ठरला, पण चाचा त्यांचे ठरले नाहीत. आता त्यातली भुणभुण काढायची की ठेवायची? आणि काढून पुन्हा नेला, तर तो त्यांचा राहील का? विचारावं असं वाटलं, पण चाचा खिडकीबाहेर पाहत होते.

"काय म्हणाला तो, बेटा?" त्यांनी एकदम विचारलं.

"इमानदार आहे म्हणाले."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "काय म्हणाला?" मी पुन्हा सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही म्हणाले. मुदखेड येईपर्यंत त्यांनी ते आणखी तीनदा विचारलं. बस खच्चून भरलेली होती, लोक वळून वळून बघत होते, आणि दर वेळी मी ते आधीपेक्षा मोठ्याने सांगितलं.