अपुरा कागद

मारुतराव शिर्के यांनी चोवीस वर्षे सैन्याच्या इस्पितळांत कारकुनी केली आणि त्या चोवीस वर्षांत त्यांनी पाठवलेला एकही कागद वरून परत आला नाही. सुट्टीत कोरेगावकडच्या गावी गेले की ते हे सांगत. ऐकणाऱ्यांना बंदुकीच्या गोष्टी हव्या असत, त्यामुळे कुणी फारशी दाद देत नसे. मारुतरावांना मात्र त्याचा अभिमान होता.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दिल्ली छावणीतले क्वार्टर सोडले, फरीदाबादला दोन खोल्यांचे घर घेतले आणि तिथल्याच एका खासगी रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात नोकरी धरली. एखाद्या औषधाने रुग्णाला अपाय झाला की वॉर्डातली नर्स एक फॉर्म भरी. तो मारुतरावांनी तपासायचा, आवक रजिस्टरात चढवायचा, त्या रुग्णाच्या फाइलवर लाल पट्टी चिकटवायची आणि फॉर्म समितीकडे पाठवायचा. फॉर्म अपुरा असला तर ते रिकाम्या चौकटीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून परत करीत. परत केलेल्या फॉर्मची नोंद कुठेच होत नसे.

२०१७ च्या मार्चमध्ये स्त्रियांच्या वॉर्डातली सिस्टर प्रमोदिनी असाच एक फॉर्म घेऊन आली. ती भंडाऱ्याची. अख्ख्या रुग्णालयात मराठी बोलणारी ही दोनच माणसे, त्यामुळे ती त्यांना काका म्हणे आणि हक्काने चेष्टाही करी.

बिमला नावाची एक बाई पायाच्या गळवासाठी दाखल झाली होती. रबराच्या कारखान्यात कामाला होती. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिल्यावर तिच्या अंगभर गांधी उठल्या, धाप लागली; वेळीच उपचार मिळाले म्हणून तासाभरात ती सावरली. प्रमोदिनीने सगळे नीट लिहिले होते. फक्त इंजेक्शनच्या बाटलीचा बॅच नंबर नव्हता.

"बाटली कचऱ्यात गेली, काका. तेव्हा बाईला बघू की बाटलीला?"

"फार्मसीत मिळेल. विचारून घे."

"तीन चकरा मारल्या. ते म्हणतात, कल आना. राहू द्या ना तेवढं, यार. तुमच्या फौजेत काय गोळीचा नंबर लिहून मग गोळी झाडायचे?"

मारुतराव हसले, पण चौकटीत प्रश्नचिन्ह काढून त्यांनी फॉर्म तिच्या हाती दिला. "अपुरा कागद मी वर पाठवत नाही, पोरी."

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती. रुग्ण, औषध, झालेला त्रास आणि कळवणाऱ्याचे नाव एवढे असले तरी पुरे, बाकीचे मिळेल तसे भरावे, असा तिचा अर्थ. मारुतरावांनी ती वाचली नव्हती असे नाही. ती आळशी माणसांसाठी दिलेली सवलत आहे, असे त्यांना वाटे.

प्रमोदिनीकडे त्या आठवड्यात दोन वॉर्ड होते. फॉर्म तिच्या खणात राहिला आणि पुढे वॉर्डाच्या आवराआवरीत हरवला. डॉक्टरांनी बिमलाला घरी सोडतानाच्या कागदावर 'किरकोळ पुरळ' एवढेच लिहिले. तिच्या फाइलवर लाल पट्टी लागली नाही.

जूनमध्ये ती पुन्हा आली, या वेळी तापाने. फाइलवर पट्टी नाही असे पाहून नव्या डॉक्टरांनी तेच इंजेक्शन दिले. तिचे हृदय थांबले. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केले, नऊ दिवस ती यंत्रावर होती. वाचली, पण तेव्हापासून बोलताना तिला शब्द सापडेनासे झाले.

चौकशीची बैठक बसली. डॉ. दुग्गल मॅडम अध्यक्ष होत्या. इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे मारुतराव होते.

"मैंने फॉर्म दिया था, मॅडम," प्रमोदिनी म्हणाली.

"दिया था तो है कहाँ? मारुतराव, आवक रजिस्टर में एंट्री है?"

रजिस्टर त्यांच्या समोरच होते. त्यांनी मार्च महिन्याचे पान उघडले, बोट वरून खाली नेले. त्या पानावर काय नाही हे त्यांना पान उघडण्याआधीच माहीत होते.

"नहीं, मॅडम. एंट्री नहीं है."

उत्तर खरे होते. विचारलेल्या प्रश्नाचे अक्षरशः खरे उत्तर.

"काका?" प्रमोदिनी मराठीत म्हणाली. एवढेच. मग ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मारुतरावांनी मान खाली घातली आणि इतिवृत्तात लिहिले: फॉर्म सादर झाल्याची नोंद आढळत नाही. तिला निर्णय होईपर्यंत घरी बसण्याचे पत्र मिळाले. ते टाइपही त्यांनीच केले. त्यात एकही चूक नव्हती.

त्यानंतरचे चार दिवस ते कामावर वेळेवर गेले आणि वेळेवर परतले. चौथ्या दिवशी ताट तसेच पाहून त्यांच्या पत्नी शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, भाकरी कशाला चिवडताय? काय झालंय ते बोला तरी."

त्यांनी सांगितले. सांगताना 'रजिस्टरात नोंद नव्हतीच' हे वाक्य तीनदा आले.

"नोंद तुम्हीच करता ना?" शेवंताबाईंनी विचारले.

"हो."

"मग नव्हती म्हणजे काय?"

मारुतराव हात धुऊन उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरा फॉर्म घेतला आणि स्वतःच्या नावाने भरला. काय घडले: फॉर्म वेळेत आला होता, मी परत केला, त्यामुळे लाल पट्टी लागली नाही, बैठकीत विचारले तेव्हाही मी हे सांगितले नाही. बैठकीची तारीख लिहिली. कळवल्याची तारीख लिहिली. मधले चार दिवस आता कुणालाही मोजता येणार होते. बॅच नंबर त्यांनाही फार्मसीतून मिळाला नव्हता. ती चौकट त्यांनी रिकामी ठेवली आणि फॉर्म दुग्गल मॅडमच्या टेबलावर नेऊन दिला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "आप चुप रहते तो किसी को पता नहीं चलता," त्या म्हणाल्या. मारुतरावांना ते ऐकून बरे वाटायला हवे होते, वाटले नाही.

त्यांना लेखी ताकीद मिळाली. प्रमोदिनीचे पत्र मागे घेतले गेले. फॉर्म परत करायचा नाही, आला की आधी पट्टी लावायची, उरलेली माहिती गुणवत्ता विभागाने स्वतः शोधायची, असा नियम झाला. पहिल्या महिन्यात दोन फॉर्म आले होते, सप्टेंबरात एकतीस आले. कित्येकांत निम्म्या चौकटी रिकाम्या असत, आणि मारुतराव वही घेऊन वॉर्डावॉर्डांतून हिंडत.

प्रमोदिनी मात्र राहिली नाही. नागपुरात नोकरी मिळाल्यावर निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "फॉर्म परत दिलात, त्याचं काही नाही, काका. मीही मागे लागायला हवं होतं. पण मी तुमच्याकडे बघत होते ना, तेव्हा..." वाक्य तिने सोडून दिले. जाताना ती वाकून पाया पडली. तिने तसे करायला नको होते, असे त्यांना आजही वाटते.

ऑक्टोबरात बिमला तपासणीला आली. सोबत नवरा होता, पण तो पावती करायला गेला होता. फाइलवरच्या लाल पट्टीवर बोट ठेवून तिने विचारले, "भाईसाहब, ये... ये..." शब्द येईना. मारुतराव थांबले. तिला घाई होऊ नये म्हणून शेजारच्या बाकावर बसले.

"...लाल," ती अखेर म्हणाली. "क्यों?"

हा कागद नव्हता. उत्तराला साक्षीदार नव्हता, सही नव्हती. औषधाचे नाव सांगून उठून जाता आले असते, आणि तेही खरेच ठरले असते.

"वह सुई आपको कभी नहीं देनी है, इसलिए," मारुतराव म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "यह पट्टी मार्च में लगनी थी, बहन. मुझे लगानी थी. मैंने नहीं लगाई."

बिमलाने पुन्हा लाल पट्टीकडे पाहिले. तिला ते कळले की नाही, ते मारुतरावांना समजेना. नवरा पावती घेऊन परत येताना दिसला. ते उठले नाहीत. त्यालाही सांगायचे होते.