शेवटच्या घराची मोटार

आमच्या गल्लीत खरं बोलणारी एकच बाई होती आणि पाण्याची मोटार तिचीच गेली. बाकी सगळ्यांच्या मोटारी सुखरूप आहेत. माझीही आहे, माठाच्या मागे, पोत्याखाली. विचारायला आलेल्या मुलांना मी 'नाही' म्हणून सांगितलं होतं आणि उद्या पुन्हा आली तरी नाहीच सांगेन. मलाही अंघोळ लागते.

पडेगावात आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी तेवढाही नाही. दुपारी येतो आणि पाव्हण्यासारखा चहाच्या आत निघून जातो. तेवढ्या वेळात टाकी भरायची तर नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढावं लागतं. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच कोणाच्याही घरात मोटार नाही. गल्लीच्या तोंडाशी शंतनूचा बंगला आहे. पाणी आधी त्याच्याकडे शिरतं, मग एकेक घर घेत सगळ्यात शेवटी सरूबाईच्या दोन खोल्यांपाशी पोचतं. म्हणजे पोचायला हवं. तिथं जाईस्तोवर पाइपात नुसती हवा उरते. म्हणून सरूबाईनंही एक जुनी, खोकणारी मोटार घेतली होती. आम्ही पाणी ओढायचो. ती आमचं उरलंसुरलं चाटायची.

सरूबाई फुलंब्रीकडची. नवरा रामकिसन एका गोदामावर वॉचमन होता, तो गेला. लेक सिल्लोडला दिली, ती तिच्या संसारात. सरूबाई राहिली कुरडयांवर. तिच्या हातची कुरडई तेलात पडली की कढई झाकायची म्हणत आम्ही हसायचो, इतकी फुलायची. गल्लीतलं एकही लग्न असं नाही की ज्याच्या रुखवतात तिच्या कुरडया नव्हत्या. पण कुरडईला गहू जितका लागतो त्याहून जास्त पाणी लागतं. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज त्याचं पाणी बदलायचं. मग वाटायचा, त्याचा चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यानं गच्चीवर घालायचा. मध्ये एक दिवस पाणी चुकलं की गहू वास मारतो आणि सगळं टाकून द्यावं लागतं. नळ कधी येईल याचा अंदाज घेऊन गहू भिजत घालणं हा तिचा उन्हाळाभराचा जुगार होता आणि ती खोकणारी मोटार हा तिचा एकमेव हुकमाचा पत्ता.

चैत्रात शंतनूची मुलगी मनस्विनी शाळेतल्या आणखी चार मुलांना घेऊन घरोघर फिरायला लागली. नववीत आहे. पोरगी गोड आहे, हुशार आहे, आणि मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. कुठल्याशा संस्थेनं शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती, 'जागरूक विद्यार्थी, जागरूक शहर'. आपल्या भागातला एक प्रश्न निवडायचा, त्याचं कारण शोधायचं, अधिकाऱ्यांकडे तक्रार करायची आणि प्रश्न सुटल्याचा पुरावा द्यायचा. मुलांनी विषय घेतला, 'शेवटच्या घराला पाणी का नाही?' शेवटचं घर म्हणजे सरूबाई. लहानपणापासून मनस्विनी तिच्या ओट्यावर बसून गरम चीक गूळ घालून खायची. तिनं म्हाताऱ्या बाईचा हात धरून सांगितलं, "आजी, तुमचं पाणी मी आणून देते." तेव्हा तिच्या मनात कपट नव्हतं. कपट नंतर आलं, आणि तेही शाळेच्या वेळेत.

त्याच आठवड्यात शंतनूच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी कैरीची डाळ खात बसले होते. मनस्विनी कागद घेऊन बापापुढे उभी राहिली.

"बाबा, आपल्या घराचं भरायचंय. मोटार आहे?"

शंतनूनं माझ्याकडे बघितलं, मी पन्ह्याच्या पेल्यात बघितलं. त्याची मोटार चपलांच्या कपाटाखाली आहे. ती चालू झाली की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात.

"लिही, नाही," तो म्हणाला.

"पण बाबा..."

"मनू, लिही. नाही."

तिनं लिहिलं. पोरगी खरंच हुशार आहे.

सगळ्या गल्लीनं तेच सांगितलं. शेवटी मुलं सरूबाईकडे गेली. तिनं आधी सतरंजी टाकली, मग चहा दिला, मग विचारायच्या आत सांगून टाकलं.

"मोटार हाय की. त्या पिंपामागं. चालू करून दावू का?"

पद्मजा मॅडम त्या दिवशी मुलांबरोबर होत्या. नागरिकशास्त्र शिकवतात. त्या दोन दिवस आमच्या दारांवरून हात हलवत परतल्या होत्या. स्पर्धेच्या नियमात कारणाचा फोटो लागत होता आणि सगळ्या गल्लीत फोटो काढू देणारं हे एकच दार निघालं. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी सरूबाईला मोटारीशेजारी उभं केलं, एक हात बटणावर ठेवायला लावला. सरूबाईनं डोक्यावरून पदर घेतला, नथ घालू का म्हणून विचारलं, आणि नथ घालून उभी राहिली.

मुलं गेल्यावर मी तिला झापलं. "सरूबाई, अक्कल गहाण टाकली का? नाही म्हणायला काय जात होतं?"

"पाण्यावर खोटं बोलू नाय, सुरेखाताई. माझी माय सांगायची, पाण्यावर खोटं बोललं की हीर आटती."

"नळाला कुठली आलीय विहीर?"

"पानी ते पानीच की."

मी तणतणत घरी आले.

बक्षीस समारंभाला मुलांनी तिलाही बोलावलं. मी बरोबर गेले. तिनं ठेवणीतली इरकल नेसली होती आणि मॅडमसाठी कुरडयांचा डबा घेतला होता. सादरीकरण इंग्रजीत होतं. परीक्षक सगळे आपलेच, मराठी बोलणारे, पण बक्षीस द्यायचं म्हटलं की त्यांना इंग्रजी लागतं. मनस्विनी पडद्यापुढे उभी राहून घडाघडा बोलली. आणि मग पडद्यावर सरूबाई आली, भिंतीएवढी, नथ घातलेली, हात बटणावर. मोटारीभोवती लाल गोल काढला होता.

माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण पुरेसं आहे. गल्लीतल्या सगळ्या घरांची पाहणी केली, असं ती पोरगी सांगत होती. बेकायदा मोटार फक्त एकाच घरात सापडली. त्या एका मोटारीमुळे गल्लीतल्या पाण्याचा दाब बिघडतो. शेवटच्या घराला पाणी का नाही हा विषय कधीच पाठीमागे गेला होता. आता शेवटचं घरच प्रश्न झालं होतं.

"सुरेखाताई, बघा, मी!" सरूबाईनं माझा दंड दाबला आणि सभागृहात सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

"घरी चला," मी म्हणाले.

"थांबा की. नाव घेतील माझं."

पाहुणे म्हणून आलेले साहेब उठले. एवढ्याशा मुलांनी प्रशासनाचे डोळे उघडले म्हणाले, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशीच कारवाई होईल असं जाहीर केलं. पहिलं बक्षीस मिळालं. सरूबाईनं डबा मॅडमच्या हातात दिला आणि मनस्विनीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

परतताना रिक्षात मी तिला सगळं उलगडून सांगितलं. लाल गोल कशाभोवती होता, साहेब काय म्हणाले, सगळं.

"आजच मोटार काढा आणि माझ्या घरी आणून ठेवा," मी म्हणाले.

"हाय म्हून सांगितलंय मी. आता लपवली तर मी खोटी पडंन," ती म्हणाली. "आन मनूनं सबूद दिलाय. ती लेकरू हाय वो, तुमच्यावानी नाय."

मला राग आला आणि मी तोंड फिरवून बसले. तुमच्यावानी म्हणे!

आता गंमत अशी, की शंतनूच्या बहिणीचं, अमृताचं लग्न ठरलं होतं आणि रुखवताच्या कुरडया सरूबाईकडेच होत्या. पाण्याचा दिवस जवळ आला तसा तिनं गहू भिजत घातला. पातेलीच पातेली, अख्खा ओटा भरून. घरातलं होतं नव्हतं ते पाणी त्यात घातलं. नळ आला की बदलू, असा हिशोब.

त्या दिवशी सकाळीच शंतनूनं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, 'आज पथक येणार आहे, सर्वांनी काळजी घ्यावी.' खाली हात जोडलेले. ग्रुपवर सरूबाई नाही, तिचा फोन बटणांचा आहे. बारा वाजेपर्यंत सगळ्या मोटारींची बटणं बंद झाली, कपाटांवर चपला चढल्या. मीही पोतं नीट केलं.

दुपारी जीप आली ती थेट शेवटच्या घरापाशी थांबली. मागोमाग शाळेची मुलं, फलक, पद्मजा मॅडम. स्पर्धेच्या पुढच्या फेरीसाठी 'नंतरचा' फोटो लागत होता. सरूबाईनं सतरंजी टाकली. पथकातल्या माणसांनी चपला न काढता आत जाऊन पाना लावला आणि मोटार उचलून जीपमध्ये टाकली.

"मनू," सरूबाई म्हणाली, "तू म्हणली व्हतीस ना?"

मनस्विनीनं मॅडमकडे बघितलं.

"आजी, नियम सगळ्यांना सारखा असतो," मॅडम म्हणाल्या.

आणि तेवढ्यात नळ आला. गल्लीतली एकही मोटार चालू नव्हती, त्यामुळे पाणी निमूट पुढे सरकत शेवटच्या घरापर्यंत गेलं आणि सरूबाईच्या उघड्या पाइपातून बदाबदा पडायला लागलं. इतकं पाणी त्या घरानं कधी बघितलं नव्हतं. सरूबाई किंचाळलीच, "आलं गं माय!" तिनं दोन्ही हात पाण्याखाली धरले, तोंडावर मारले, मनस्विनीला जवळ ओढून तिची दृष्ट काढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, व्हिडिओ काढला. पथकाचे साहेब म्हणाले, "बघा, मोटारीशिवाय पाणी येतं की नाही!"

सरूबाई घागर आणायला आत गेली. तेवढ्यात जीप वळली, मुलं तिच्यामागे पळाली आणि मागची धूळ बसायच्या आत गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. माझीही. ती घागर घेऊन बाहेर आली तेव्हा पाइप फुसफुसत होता. तिनं तोटी बसवली, काढली, पुन्हा बसवली. मी खिडकीतून बघत होते आणि माझी टाकी भरत होती.

थोड्या वेळानं ती बादली घेऊन शंतनूच्या दारात गेली. गव्हासाठी चार बादल्या हव्या होत्या, गहू त्यांच्याच लग्नाचा होता. दार मनस्विनीनं उघडलं. वर गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी दोघींच्या मध्ये गटारीत पडत होतं.

"मनू, तुमच्या घरी मोटार हाय का गं?" सरूबाईनं विचारलं.

पोरीनं आत बापाकडे बघितलं. "नाही, आजी," ती म्हणाली.

सरूबाईनं बादली त्या पाइपाखाली ठेवली. मनस्विनी आत गेली आणि बटण बंद झाल्याचा आवाज आला. बादलीच्या तळाला तांब्याभर पाणी जमलं होतं.

मी माझ्याकडच्या दोन बादल्या दिल्या. त्यानं काय होणार होतं? गव्हाला उन्हात वास सुटला तो सगळ्या गल्लीभर पसरला. ग्रुपवर विचारणा झाली, कोणाच्या घरातून घाण येतेय? शंतनूच्या बायकोनं निरोप पाठवला की आम्ही कुरडया पाकिटातल्या आणतोय, तुम्ही त्रास घेऊ नका.

त्या वासातच मनस्विनी एकटी आली, हातात मोबाइल. प्रकल्प राज्याच्या फेरीला निघाला होता आणि त्यासाठी शेवटच्या घराचा अभिप्राय लागत होता. मी सरूबाईच्या ओट्यावर बसले होते, पातेली रिकामी करायला मदत म्हणून.

"आजी, एकच वाक्य बोला," पोरगी नाकाला रुमाल लावून म्हणाली. "आता मोटारीशिवाय पाणी येतं ना?"

मला वाटलं, आता ही म्हातारी तिचं थोबाड फोडते. सरूबाईनं डोक्यावरून पदर घेतला.

"येतं," ती म्हणाली. "लई येतं. लिही."

पोरगी थँक्यू म्हणाली आणि पळाली.

"सरूबाई," मी म्हणाले, "पाण्यावर खोटं बोललात?"

"आता आटायला ऱ्हायलंय काय, ताई?" ती म्हणाली, आणि आंबलेल्या गव्हाचं पातेलं कमरेवर घेऊन नाल्याकडे गेली.