हिरानोबाईंची पेन्सिल

सकाळी कामाला निघता निघता ईमेल पाहिली. हिरानोबाई गेल्या. बॉथेलहून त्यांच्या भाचीने चार ओळींत कळवलं होतं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, तुमच्या नावाचं एक पाकीट ठेवलंय, पत्ता पाठवा. मी पत्ता पाठवला आणि लॅबला गेले. याला आता सहा आठवडे झाले.

पिस्कॅटवेला आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये त्या २००२ साली राहायला आल्या, तेव्हा साठीच्या होत्या. ओसाकातल्या वर्तमानपत्रातली नोकरी त्यांनी पस्तिशीत सोडली होती. धरणात बुडालेल्या एका गावाची हकिगत संपादकाने आठ ओळींत बसवली म्हणून. त्याच गावावर त्यांनी पहिलं पुस्तक लिहिलं. मग कोसळलेल्या एका शाळेवर, मग कामगारांची फुप्फुसं निकामी करणाऱ्या एका कारखान्यावर. एकेका पुस्तकाला चार-पाच वर्षं. अमेरिकेत त्या आल्या लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधावर लिहायला, आणि मी नेमकी असं औषध बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासत होते. पहिल्या दिवशी माझा दूध-साखरेचा चहा पिऊन म्हणाल्या, "मेधासान, हा चहा नाही, हे जेवण आहे." तरी दर शनिवारी यायच्या. मुलगा दार उघडून ओरडायचा, "आई, जेवणवाली आजी इज हिअर!"

त्या टेप वापरत नसत. समोरच्याचं बोलणं वहीत जपानीत उतरवायचं, पुढच्या भेटीत ते इंग्रजीत वाचून दाखवायचं आणि मग पेन्सिल पुढे करायची. "नको असेल ते खोडा. पण तुमच्या हाताने, आणि एकच रेघ. खोडरबर नाही." खोडलेलं पुस्तकात जाणार नाही, हा त्यांचा शब्द. विचार बदलला तर रेघेशेजारी सही करायची, की ओळ पुन्हा चालू.

एका शनिवारी मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. रात्री जेवताना नवऱ्यालाही सांगितलं. प्रशांतने ताट बाजूला सारलं. "अगं, तुझं ग्रीन कार्ड याच कंपनीतून प्रोसेस होतंय. उद्या काढलं तर काय, नागपूरला परत जायचं? कॅन्सल कर यार ते!" पुढच्या शनिवारी मी पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. हिरानोबाईंनी वही बंद केली, चहा संपवला. कपबशी स्वतः विसळली, नेहमीसारखी.

पुस्तक आलं. कंपनीतलं कुणीच त्यात बोललेलं नव्हतं, म्हणून सगळे अंदाज आहेत असं म्हणायला कंपनी मोकळी झाली. ते त्यांचं शेवटचं पुस्तक. माझ्याजवळ त्यांनी कधी तक्रार केली नाही. भाचीकडे राहायला गेल्यावर वर्षातून दोन-तीनदा फोन यायचा. गेल्या वर्षी विचारलं, "कार्ड आलं?"

"आलं."

"अभिनंदन."

नोकरीही मी तोवर बदलली होती. सही करते, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, तुमच्याकडे फार पाऊस आहे का? त्या म्हणाल्या, आहे.

पाकीट परवा आलं. वहीतलं ते पान आणि बोटभर उरलेली पेन्सिल. चिठ्ठी नाही. जपानी मला वाचता येत नाही, पण माझी रेघ ओळखता येते, आणि रेघेखालचं पाठ आहे. औषधाच्या त्या बॅचने कुणाच्या मुलाला काही झालं का, हे मला माहीत नाही. हिरानोबाई तेच शोधत होत्या.

काल शनिवार होता. चहा केला आणि त्याच पेन्सिलीने रेघेशेजारी सही केली. ओळ अशी आहे : "नमुना दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा पास झाल्यावर साहेबांनी आधीचे दोन कागद फाडायला सांगितले, आणि ते मी फाडले."