‘हो’ आणि ‘हओ’

ऱ्हस्व-दीर्घाची माफी आधीच मागते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदी, आणि अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळाली असं. वाचणार कोणी नाही, तरी लाज वाटते. मला कशाचीही वाटते.

मुलीला पीथमपुरात नोकरी लागली, तेव्हा तिच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी जाऊबाईंकडून साडेतीन हजार घेतले. तेव्हापासून दर हळदीकुंकवाला त्या चार बायकांत विचारायच्या, "काय गं, लेक बरी आहे ना माझ्या पैशांवर?" वाटायचं, वाणाची वाटी डोक्यात घालावी. म्हणून शेवटी मुलीचा इथला रिकामा कूलर विकायला काढला. तिनेच मोबाइलवर फोटो टाकला आणि किंमत लिहिली चार हजार.

फोनवर सगळ्यांचं एकच, "लास्ट कितना?" कूलर बघायच्या आधीच लास्ट. मग एक जाडजूड गृहस्थ बायकोला घेऊन थेट घरीच आले. कूलरला लाथ मारली, जाळीत नाक खुपसलं, आतलं गवत उपटून हुंगलं.

"भाभी, ये तो कबाड़ है. पंद्रह सौ."

मी चकित होऊन म्हटलं, "हो?" म्हणजे, खरंच की काय?

इकडे देवासला माळवी माणूस होकार देताना ‘हओ’ म्हणतो. त्यांनी तेच ऐकलं.

"हओ बोल दिया! चलो, उठाओ!" पंधराशे ओट्यावर आपटून त्यांनी कूलरला मिठीच मारली. माझ्या तोंडून ‘नाही’ काही निघेना. नुसती दारात आडवी उभी राहिले.

"अरे, अभी तो हओ बोला था!"

आता मी काहीही बोलले तरी या माणसाला हओच ऐकू येणार. पदर दातांत गच्च धरला आणि मान हलवली.

"अच्छा, दो हजार."

मान.

"ढाई. अब तो हद हो गई, भाभी."

मान. कूलरला मिठी तशीच, आणि बाहेर वैशाख. घाम नाकावरून टपकायला लागला तसे ते बायकोकडे वळले. "गूंगी है क्या ये?"

"गूंगी नहीं है, तुमसे ज्यादा अकल है," बायको म्हणाली. "साढ़े तीन दो और चलो. पिछले साल भी भाव करते-करते पूरी गर्मी निकाल दी थी तुमने."

मी पदर सोडला आणि चांगलं ठणठणीत म्हटलं, "हओ."

संध्याकाळी जाऊबाईंकडे गेले. शेजारच्या दोघी पापड लाटायला बसल्या होत्या, तेवढ्या मला पुरे होत्या. त्यांच्यासमोर पैसे ठेवले.

"अगं, एवढी काय घाई होती?" म्हणत जाऊबाईंनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. परत मोजल्या. एक नोट उजेडात धरून बघितली, खोटी निघेना. मग साडेतीन हजार डब्यात टाकले आणि झाकण लावलं.